घमेलं उचला, बांध वर येतोय

चुंबळ नीट बसवा, मान ताठ ठेवा. आलं घमेलं डोक्यावर! 1973 चा मे महिना आहे, तुम्ही नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावात पाझर तलावाच्या कामावर आहात आणि इथली रांग कुणासाठी थांबत नाही. "चल लेकरा, मागं खोळंबा होतोय," मागची मावशी ओरडते. चला.

फुफाट्यात पाय घोट्यापर्यंत रुततात. तापलेली माती चपलेत शिरते, दाताखाली कचकचते. टिकावांचे घाव, गाढवांचं ओरडणं, हजेरी घेणाऱ्या मुकादमाचा आवाज, बाभळीला बांधलेल्या झोळीतलं रडकं तान्हं. घाम, लीद आणि तंबाखू यांचा एकच वास. राज्यभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं राबताहेत. इथं शेताचा मालक आणि त्याचा गडी एकाच खड्ड्यात उतरलेत.

बांधावर पोचलात? घमेलं मधोमध उपडं करा. गाभा काळ्या मातीचा, पाणी अडवते ती हीच. दोन्ही अंगांना मुरूम, तो गाभ्याला धरून ठेवतो. आता ढेकळं फोडा. एक जरी शाबूत राहिलं, तर त्याच्या बाजूला पोकळी राहते आणि पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं. थर पातळ पसरायचा, ओल द्यायची, मग धुम्मसानं चोपायचा. हाणा! तळहात सोलवटतात, खांदे भरून येतात. भिजलेल्या मातीचा वास नाकात शिरतो आणि घसा आणखीच कोरडा पडतो, कारण प्यायच्या पाण्याचा टँकर अजून आलेला नाही.

जेवणाची सुट्टी. फडक्यात लाल मिलो ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. पोरांच्या मुठीत गोडसर सुकडी. मावशी बांधाच्या खालच्या अंगाला बोट दाखवते. तिथं गावाची विहीर आहे, तळ उघडा पडलेली. या तलावाला कालवा नाही. साठलेलं पाणी जमिनीत मुरणार आणि खालच्या विहिरींना लागणार. "पाऊस पडू दे," ती म्हणते, "मग आमच्या पोरींना कोसभर हिंडायला नको."

मजुरी मिळते खणलेल्या मातीच्या मापावर. ढेकळं फोडल्याचे वेगळे पैसे नाहीत. तरी मुकादमाची पाठ वळल्यावरही मावशी वाकून ढेकूळ फोडत असते.

सुट्टी संपली. पुढचा थर पडलाय. तुमच्या वाटची ढेकळं तुम्हीच फोडायची आहेत.