वेकबोर्डिंग

वेगवान मोटारबोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या आखूड, रुंद फळीवर आडवे उभे राहून पाण्यावरून घसरत जाण्याचा आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून, म्हणजे ‘वेक’वरून, उसळी घेऊन हवेत कसरती करण्याचा जलक्रीडाप्रकार. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या टोनी फिन याने १९८५ मध्ये सर्फबोर्ड व वॉटर-स्की यांचा मेळ घालून ‘स्कर्फर’ ही फळी बनवली. तथापि ती फार तरंगणारी असल्याने खोल पाण्यातून तिच्यावर उभे राहणे नवख्यांना जड जाई. हर्ब ओब्रायनच्या ‘हायपरलाइट’ या पातळ फळीने १९९० मध्ये ही अडचण दूर केली व खेळाच्या प्रसाराचे मोठे श्रेय तिलाच द्यावे लागते.

आजची फळी फोमच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर देऊन घडवतात. तिच्या टोकांकडे वर चढत जाणाऱ्या बाकास ‘रॉकर’ म्हणतात. सलग बाकाची फळी वेग न गमावता सहज वळते, तर मध्यभागी सपाट राहून टोकांशी एकदम वर वळणारी फळी काहीशी संथ असली, तरी लाटेवरून अधिक सरळ उंच उडते. तळाचे पर तिला दिशा धरून ठेवतात आणि पाय बुटांसारख्या पकडीत घट्ट बसतात. बोटीचा वेग साधारणतः ताशी ३० ते ४० किमी. असतो, लाट मोठी उठावी म्हणून बोटीत मुद्दाम पाण्याचे वजन भरतात. जीवरक्षक जाकीट आणि चालकाव्यतिरिक्त बोटीत एक निरीक्षक आवश्यक मानला जातो.