इंजिनाची वंशावळ

जुन्या ग्रंथाच्या हस्तलिखितात शंकास्पद ओवी आढळली की संपादकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : ही मूळची की प्रक्षिप्त? गेली काही दशके हाच प्रश्न युरोपातील मोटारींच्या हौशी कार्यशाळांतही विचारला जात आहे. फरक इतकाच, की तेथे ओवीच्या जागी इंजिन असते. १९७०च्या दशकातील फोक्सवॅगन गोल्फ घ्यायची, तिचे इंजिन उतरवायचे आणि त्या जागी १९९०च्या दशकातील टर्बोचार्जर असलेले १.८ लिटरचे इंजिन बसवायचे, हा उद्योग तेथे चांगलाच रूढ झाला आहे. जुन्या गाड्यांच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना तो विटाळ वाटतो, करणाऱ्यांना पुनर्जन्म. मात्र नवे इंजिन परके आहे, हे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. इतिहास पाहू लागलो की नेमके हे गृहीतच डळमळू लागते.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९६०च्या दशकाच्या मध्यास फोक्सवॅगनने डाइमलर-बेंझकडून ऑटो युनियन ही कंपनी ताब्यात घेतली. तिच्याबरोबर इंगोलश्टाटचा कारखाना आला आणि लुडविग क्राउस हे अभियंतेही आले. वोल्फ्सबुर्गमध्ये त्या वेळी बीटलचे राज्य होते : इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे. ते तंत्र म्हातारे झाले होते आणि त्याच्या जागी काय आणावे याचे उत्तर मूळ घराकडे नव्हते. ते या नव्या घराकडे होते. १९७२ साली ऑडी ८० बाजारात आली आणि तिच्याबरोबर ‘ईए ८२७’ या सांकेतिक नावाचे इंजिन आले : चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पाण्याने थंड होणारे, वर पट्ट्याने फिरणारा कॅमशाफ्ट. १९७३ची पसाट तर ऑडी ८०चेच रूपांतर होती. १९७४ साली जॉर्जेटो जुजारो यांनी रेखाटलेली गोल्फ आली, तेव्हा तिच्या वरच्या आवृत्त्यांतही हेच इंजिन आडवे करून बसवलेले होते.

म्हणजे आज जे ‘मूळ’ म्हणून जपले जाते तेही एका अर्थी आणलेलेच होते. बुडू पाहणाऱ्या घराने दुसऱ्या घराचे इंजिन आपल्या नव्या गाडीत बसवले आणि त्यावर ते तरले.

पुढचा अध्याय याहून बोलका आहे. १९७३ साली आल्फोन्स ल्योवेनबेर्ग या अभियंत्याने काही सहकाऱ्यांना टिपण पाठवून वेगवान गाडीची कल्पना मांडली. तिचा पाठपुरावा बराच काळ अधिकृत कार्यक्रमाबाहेरच चालला. त्यातून निघालेली गोल्फ जीटीआय १९७५च्या फ्रांकफुर्ट प्रदर्शनात दिसली आणि १९७६ साली विक्रीस आली : १५८८ घनसेंटिमीटर, ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो. कंपनीचा अंदाज ५००० गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक जीटीआय तयार झाल्या. साध्या कौटुंबिक गाडीत तिच्या वकुबापेक्षा जोरकस इंजिन बसवावे, ही वृत्ती कारखान्याबाहेरच्या हौशी माणसांनी शोधलेली नाही. ती जीटीआयच्या जन्मातच आहे.

१९८२ साली जीटीआयचे इंजिन १.८ लिटरचे झाले. सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८६.४ मिलिमीटर, एकूण १७८१ घनसेंटिमीटर. आता १९९०च्या दशकाच्या मध्यास ऑडी ए४मध्ये आलेल्या टर्बो इंजिनाची मापे पाहा : व्यास ८१, धाव ८६.४, एकूण १७८१. दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आले, टर्बोचार्जर आला, संगणक आला. पण सिलिंडरांची मापे तीच राहिली. दोन सिलिंडरांच्या मध्यांमधले ८८ मिलिमीटरचे अंतरही तेच राहिले. यामागे भावनेचा भाग नाही. इंजिनाचे ब्लॉक कोरणारी यंत्रे ठरावीक अंतरावर बांधलेली असतात. ते अंतर बदलणे म्हणजे अवाढव्य खर्च. कारखान्याच्या काटकसरीने जी परंपरा जपली, तिच्याच आधारे पुढे कोणीतरी आपल्या गॅरेजमध्ये नातवाला आजोबांच्या घरी नेऊन बसवले. आपल्याकडच्या वाचकांनाही हा नातू अगदी अनोळखी नाही. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यामुळे मराठवाड्यात परिचित झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस ही आवृत्ती २००४च्या सुमारास भारतात आली, तिच्यात हेच इंजिन होते.

मग टर्बोचार्जरचे काय? ती तरी नवी भर आहे ना? धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ सालीच घेतले होते. १९७३ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातील साब ९९ टर्बो ही तिची रस्त्यावरची रूपे. तेव्हा गोल्फ आणि टर्बो समकालीनच आहेत. पुढच्या वीस वर्षांनी भर घातली ती संयमाची. सुरुवातीचे टर्बो काही क्षण गप्प राहत आणि मग एकदम उसळत. १९९०च्या दशकातील इंजिन १७५० फेऱ्यांपासूनच २१० न्यूटन-मीटर पीळ देते. १९७६च्या जीटीआयला सुमारे १४० न्यूटन-मीटरसाठी ५००० फेऱ्यांपर्यंत जावे लागे. त्याच हलक्या गाडीत १५० अश्वशक्ती आली, की टनामागे सुमारे १३५ अश्वशक्तीचे १८५च्या घरात जाते.

नात्यामुळे सगळे सोपे होते असे मात्र नाही. जुना गिअरबॉक्स एवढ्या पिळासाठी बांधलेला नव्हता. मागची चाके ड्रम-ब्रेकवर थांबणारी. इंटरकूलरला पुढे जागा शोधावी लागते. खरी अडचण वायरिंगची. नंतरच्या टर्बो इंजिनांचा संगणक आपली ठरावीक किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालूच राहू देत नाही. लोखंड लोखंडाला ओळखते, पण नव्या इंजिनाची स्मृती जुन्या घराला ओळखत नाही. १९७६ आणि १९९५ यांतला खरा खंड धातूत नाही, तो येथे आहे.

जर्मन कायद्यानेही या वादात आपली रेघ ओढली आहे. १९९७पासून तेथे तीस वर्षांहून जुन्या, बव्हंशी मूळ स्वरूपात राहिलेल्या गाड्यांना ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळते. गाडीच्या उमेदीच्या काळात रूढ असलेले बदल त्यात खपतात. म्हणजे १९७६च्या गोल्फमध्ये १९८२चे १७८१ घनसेंटिमीटर बसू शकते, १९९५चे १७८१ घनसेंटिमीटर बसत नाही. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, म्हणून मी तिला हसणार नाही. पण ही रेघ कालगणनेची आहे, वंशाची नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तर मग, प्रक्षिप्त की मूळ? माझ्या मते या इंजिनाला प्रक्षेप म्हणता येत नाही. तो त्याच परंपरेतला उत्तरकालीन पाठ आहे. परंतु उत्तरकालीन पाठ कितीही सरस असला, तरी त्यासाठी जुनी पोथी खरवडून काढायची नसते. कारखान्यातून निघाली तशीच उरलेली पहिल्या पिढीची जीटीआय हा दस्तऐवज आहे. तिची पत्र्याची चौकट एकदा कापली की कोणत्याही कारागिराला ती पूर्ववत करता येणार नाही, आणि अशा गाड्या दरवर्षी कमीच होत जाणार. ज्या साध्या गोल्फचे इंजिन केव्हाच निकामी झाले आहे, जी एरवी भंगारातच गेली असती, तिची गोष्ट वेगळी. तेथे नवे इंजिन बसवणारा माणूस इतिहास पुसत नाही, थांबलेला इतिहास पुढे चालवतो. एवढेच करावे : उतरवलेले जुने इंजिन फेकू नये. तेल लावून, गुंडाळून, कोपऱ्यात ठेवून द्यावे. पुढच्या संपादकाला दोन्ही पाठ हाताशी लागतील.