उंदराची अक्कल

काटोलला आमच्या घरी संत्र्याची रिकामी खोकी ठेवायच्या खोलीत उंदराचा पिंजरा कायम लावलेला असे. एकदा निसटलेला उंदीर पुन्हा त्यातल्या भज्याकडे फिरकत नाही, असं आजीचं म्हणणं. "त्याले अक्कल हाये बाबू!" (तोच उंदीर कशावरून, हे विचारायची आमची टाप नव्हती.) परवा वाचता वाचता कळलं, की या अकलेच्या जागेवरून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडताहेत.

ती जागा म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, कपाळामागची मेंदूची साल. स्वतःला आवरणं, बेत आखणं, जुनी भीती मागे टाकणं, ही कामं बरीचशी तिथली. १९०९ साली जर्मनीच्या ब्रॉडमनने मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून सालीचा नकाशा छापला. माणसात आणि माकडांत या भागात बारीक दाणेदार पेशींचा चौथा थर दिसतो. उंदराच्या तिथल्या सालीत तो थरच नाही. म्हणजे संपलंच की!

पण १९४८ साली रोझ आणि वूल्झी यांनी मापच बदललं. थर बघू नका, जोडण्या बघा. मेंदूच्या आत थॅलॅमस आहे, त्यातल्या मिडिओडॉर्सल नावाच्या केंद्राचे तंतू सालीत जिथे पोचतात तो प्रीफ्रंटल. त्यांनी ससा, मेंढी आणि मांजर तपासले. १९६९ साली लेनर्डबाईंनी तेच माप रॅटला लावलं. (मराठीत दोघेही उंदीरच, प्रयोगशाळेत रॅट वेगळा, माऊस वेगळा.) या मापाने दोघांनाही प्रीफ्रंटल आहे: दोन्ही अर्धगोल जिथे एकमेकांना टेकतात तिथे वरून खाली सिंग्युलेट, प्रीलिंबिक, इन्फ्रालिंबिक असे पट्टे. १९९५ साली प्रॉइसने पुन्हा शंका काढली: या केंद्राचे तंतू इतर भागांतही जातात, मग हे माप तरी चोख कुठे?

नुसता नावाचा वाद म्हणून सोडून दिला असता. पण नैराश्यावरची औषधं आधी उंदरांवर तपासली जातात, तेव्हा हे गणित आपल्याही घरात येतं.

मुंबईच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांच्या गटाने २०२० साली एक काम छापलं. जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत माऊसच्या पिल्लांच्या पुढच्या मेंदूतल्या (कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस वगैरे) उत्तेजक पेशी रोज मुद्दाम चेतवल्या. पिल्लं मोठी झाल्यावर जास्त घाबरट आणि लवकर हताश होणारी निघाली. हेच वाढत्या वयात किंवा मोठेपणी केलं, तर असा टिकाऊ बदल दिसला नाही.

मला स्वतःला थरापेक्षा जोडण्यांचं माप पटतं. मात्र उंदराचा कोणता पट्टा माणसाच्या नेमक्या कोणत्या भागाशी जुळतो, यावर अजून एकमत नाही. आजीचं मात्र ठरलेलं होतं. रोज रात्री ती पिंजऱ्याची जागा बदलायची.