प्रजेचा असंतोष : पटावरचा आणि इतिहासांतला

मुलूख जिंकणें ही एक विद्या आणि जिंकलेला मुलूख शांत राखणें ही दुसरी विद्या. पहिलीचे पोवाडे होतात. दुसरीची आठवण ती चुकल्याखेरीज कोणास होत नाहीं. या दुसऱ्या विद्येचे धडे हल्लीं एका खेळांतून मिळतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स कंपनीनें २०१३ सालीं 'युरोपा युनिव्हर्सालिस' या संगणकावरील खेळाची चौथी आवृत्ति बाहेर काढली. इ. स. १४४४ ते १८२१ हा त्याचा काळ आणि सारें जग हा त्याचा पट. खेळणारानें एक राज्य घ्यावें आणि तें चालवावें. यांत प्रत्येक प्रांताच्या असंतोषाचा एक आंकडा असतो. राजाचा धर्म निराळा असला, मुलूख नुकताच जिंकलेला असला, युद्ध लांबलें, कीं तो चढतो; सहिष्णुता, राज्याचें स्थैर्य आणि ठाण्यावर बसलेली फौज यांनीं तो उतरतो. चढतच राहिला तर बंडवाल्यांची तयारी पुरी होऊन एके दिवशीं उठाव होतो. राजापुढें तीन वाटा असतात : दडपून टाकावें, मागण्या मान्य कराव्या, किंवा प्रांतास अधिक स्वायत्तता द्यावी. स्वायत्तता दिली कीं असंतोष निवतो. पण त्या प्रांताचा वसूल आणि शिपाईभरती घटते. म्हणून उतावीळ खेळाडू फौजेवर भिस्त ठेवितो, आणि एक बंड मोडतें न मोडतें तोंच दुसऱ्याच्या मागें धांवतो.

हा हिशेब केवळ कल्पनेचा नव्हे. नेदर्लंड्सच्या बंडास या खेळांत स्वतंत्र स्थान दिलेलें आहे, आणि इतिहासांत याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

१५५५ सालीं पांचव्या चार्लसनें नेदर्लंड्सचें राज्य आपला पुत्र दुसरा फिलिप यास दिलें. सतरा प्रांत, प्रत्येकाचे जुने हक्क निरनिराळे, शहरें व्यापारानें संपन्न, आणि लोकांत प्रॉटेस्टंट मताचा प्रसार होत असलेला. १५६६ च्या एप्रिलांत सरदारांनीं धर्मविषयक कायदे सौम्य करावे असा अर्ज राजप्रतिनिधि मार्गारेट हिच्यापुढें ठेविला. ऑगस्टांत जमावांनीं ख्रिस्ती देवळांतील मूर्ति फोडल्या. मार्गारेटनें कांहीं सवलती देऊन व कांहीं बळ वापरून पुढील वसंतापर्यंत बहुतेक शांतता केली. खेळाच्या भाषेंत बोलावयाचें तर आंकडा उतरूं लागला होता. परंतु फिलिपचा निश्चय ठरून गेला होता. १५६७ च्या ऑगस्टांत आल्वाचा ड्यूक सुमारें दहा हजार फौजेनिशीं ब्रुसेल्सला पोंचला. त्यानें नेमलेल्या न्यायसभेनें हजाराहून अधिक माणसें मारविलीं. एग्मॉंट आणि हॉर्न हे सरदार स्वतः कॅथॉलिक. तरी जून १५६८ मध्यें भर चौकांत त्यांचीं शिरें उडविण्यांत आलीं. फौजेच्या खर्चासाठीं प्रत्येक विक्रीवर दहावा हिस्सा कर बसविण्याचा घाट घातला, तेव्हां धर्माच्या वादाशीं कर्तव्य नसलेला दुकानदारहि शत्रू झाला. १ एप्रिल १५७२ रोजीं समुद्रावरील बंडखोरांनीं ब्रिल बंदर घेतलें आणि हॉलंड व झीलंड हे प्रांत पेटले.

१५७५ सालीं स्पेनच्या खजिन्यानें देणीं थांबविलीं. पगार न मिळालेल्या शिपायांनीं नोव्हेंबर १५७६ मध्यें अँटवर्प लुटलें व हजारों नागरिक मारले. त्याच आठवड्यांत राजनिष्ठ प्रांतांचा बंडखोर प्रांतांशीं घेंट येथें तह पक्का झाला. बंड मोडण्यास आणलेली फौजच बंडाचें कारण झाली !

आतां दुसरी बाजू पाहावी. पुढें प्रतिनिधि होऊन आला तो मार्गारेटचाच पुत्र अलेक्झांडर फार्नेसे. त्यानें १५७९ सालीं दक्षिणेकडील कांहीं प्रांतांशीं आरास येथें करार केला : परकी फौज निघून जाईल, जुने हक्क कायम राहतील. ते प्रांत परत आले. तीन वर्षांनीं परकी फौज पुन्हां आली, ती त्यांच्या संमतीनें. १५८५ सालीं वेढा देऊन अँटवर्प घेतलें, तेव्हां त्यानें शहर लुटूं दिलें नाहीं. प्रॉटेस्टंटांस निघून जाण्यास चार वर्षांची मुदत दिली. दक्षिण भाग पुढें शतकाहून अधिक काळ स्पेनच्या राजांकडे राहिला. उत्तरेनें मात्र १५८१ सालींच फिलिपचें स्वामित्व झुगारलें, आणि १६४८ च्या म्युन्स्टरच्या तहानें स्पेनला तें कबूल करावें लागलें. राजा एकच, देश एकच. पण एका धोरणानें उत्तर गेली आणि दुसऱ्यानें दक्षिण राहिली.

खेळांत असंतोषाचीं कारणें एके ठिकाणीं मांडलेलीं दिसतात. स्पेनमध्यें बसलेल्या राजास तीं शिळ्या झालेल्या पत्रांतून वाचावीं लागत, आणि प्रजा जेथें हक्काचा प्रश्न मांडी तेथें त्यास पाखंड दिसे. खेळांत फसलेला डाव पुन्हां मांडतां येतो. एग्मॉंटचें शिर पुन्हां धडावर बसत नाहीं. इतका भेद असूनहि हिशेबाची रीत दोहींकडे सारखीच आहे. वसुलाचा थोडा भाग सोडणें ज्याच्या जिवावर आलें, त्यास अखेर सबंध प्रांत सोडावा लागला.