स्पिन्स्टर

‘स्पिन’ म्हणजे सूत कातणे आणि ‘स्टर’ हा ते काम करणाऱ्या बाईचा प्रत्यय. बिअर बनवणारी ब्रूस्टर, विणणारी वेबस्टर, तशी कातणारी ती स्पिन्स्टर. चौदाव्या शतकात हा नुसता धंदा होता. सतराव्या शतकापर्यंत कायद्याच्या कागदांत त्याचा अर्थ ‘अविवाहिता’ असा पक्का झाला. ‘प्रौढ कुमारिका’ हा खवचट अर्थ त्याहूनही उशिराचा.

बाईचं लग्न झालंय की नाही याला एवढं महत्त्व का, याचा सुगावा त्या काळच्या गाण्यांत लागतो. त्याच सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर पेनीला एक या भावाने ब्रॉडसाइड बॅलड (गाण्यांचे छापील कागद) विकले जात. कागद एका बाजूने छापलेला, त्यावर लाकडी ठशाचं चित्र आणि चाल कोणती ते. ठसे पुन्हा पुन्हा वापरत, त्यामुळे एकात विधवा असलेली बाई दुसऱ्यात नवरी होऊन यायची! त्या काळचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने जमवलेले असे अठराशेवर कागद केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. त्यांत पैसा सतत खुळखुळतो: मुलीचा हुंडा किती, नवऱ्याने दारूच्या गुत्त्यात किती उडवले, श्रीमंत विधवेमागे किती तरणे लागले.

गंमत वाटते, पण त्यामागे कायदा होता. लग्न होताच बाईची रोकड आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. कातून मिळवलेली मजुरीसुद्धा. कमाई स्वतःच्या नावावर ठेवायची मुभा स्पिन्स्टरला आणि विधवेला. बायकोला आपली मजुरी राखायला 1870 चा कायदा यावा लागला. इंग्लंडच्या विवाहनोंदणीतून ‘स्पिन्स्टर’ गेली ती थेट 2005 मध्ये.