एका छपराखाली अनेक स्वभाव

संत फ्रान्सिस झेवियर म्हटले की हाती क्रूस घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणारा प्रेषित आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु ते पूर्वेकडील येशूसंघीयांचे वरिष्ठही होते आणि भिन्न प्रकृतीच्या सहकाऱ्यांना सांभाळताना त्यांचीही कसोटी लागली होती, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. गोव्यातील संत पॉल कॉलेजची हकिगत त्या दृष्टीने मननीय आहे.

१५४१ साली गोव्यात या विद्यालयाचा पाया घातला गेला. देशी मुलांना शिक्षण देऊन त्यांच्यातूनच धर्मगुरू व धर्मशिक्षक घडवावेत, हा त्यामागील हेतू होता. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले आणि पुढे हे विद्यालय येशूसंघाकडे आले. तेथे जमलेली माणसे एका साच्यातील नव्हती. मिसेर पाउलो हे इटालियन धर्मगुरू शांत वृत्तीचे, रुग्णसेवेत रमणारे. लॅटिन शिकविणारे लांचिलोत्तो प्रकृतीने क्षीण, पण दृष्टीने तीक्ष्ण. जे खटके ते रोमला स्पष्ट लिहून कळविणारे. १५४८ साली पोर्तुगालहून आंतोनियो गोमिश आले ते रेक्टरपदाची नेमणूक घेऊनच. ते विद्वान होते, त्यांच्या प्रवचनांना गर्दी लोटे. कोइम्ब्रा येथील विद्यालयाची शिस्त गोव्यात जशीच्या तशी रुजवावी, असा त्यांचा ध्यास होता.

एप्रिल १५४९ मध्ये झेवियर जपानला निघाले. जाताना त्यांनी मिसेर पाउलो यांना सर्व बांधवांचे वरिष्ठ नेमले आणि विद्यालय गोमिश यांच्या हाती ठेवले. दोघांनी एकदिलाने राहावे, असा उपदेशही केला. परंतु एका घरात दोन कर्ते झाले. सौम्य पाउलोंचा शब्द चालेना. गोमिश यांनी देशी विद्यार्थ्यांना काढून पोर्तुगीज तरुणांना जागा दिली. ज्यांच्यासाठी ते घर उभारले होते, त्यांनाच दार बंद झाले!

१५५२ च्या फेब्रुवारीत झेवियर परतले, तेव्हा त्यांनी देशी विद्यार्थ्यांना पुन्हा आत घेतले. गोमिश यांना दीवला धाडण्यात आले आणि त्याच वर्षी संघातून मुक्त करण्यात आले. युरोपला परतताना १५५४ साली जहाज फुटून त्यांचा अंत झाला. रेक्टरपदी आता आले गास्पर बार्झेउस. होर्मुझच्या बाजारपेठेत नाना धर्मांच्या लोकांत वावरलेला हा झीलंडचा मनुष्य. होर्मुझला धाडतानाच, माणसांची जीवने हीच ग्रंथांसारखी वाचावीत, अशी शिकवण झेवियर यांनी त्यांना दिली होती. या वेळी मात्र अधिकार दोघांत वाटला नाही. पाउलोंसह सर्वांना बार्झेउस यांच्या आज्ञेत ठेवले आणि बार्झेउस यांना नम्रतेने कारभार करण्याच्या लेखी सूचना दिल्या.

गोमिश यांना दुर्जन ठरवून हा विषय संपविणे सोपे आहे. आम्हास ते न्याय्य वाटत नाही. त्यांचे गुण खरेच मोठे होते; चुकीची होती ती जागा. शिवाय निघताना ज्येष्ठाने घडी नीट बसविली नव्हती. माणसे निरनिराळ्या रीतींनी काम करोत, पण काम कोणासाठी आहे आणि शेवटचा शब्द कोणाचा आहे, हे आधी ठरले पाहिजे. झेवियर संत होते, तरी त्यांनाही हे तीन वर्षांनी, मुलांचे नुकसान झाल्यावर, निस्तरावे लागले. त्या काळी पत्रांनाही वर्ष-दीड वर्ष लागे. संत इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले ते जून १५५३ मध्ये. झेवियर तर ३ डिसेंबर १५५२ रोजीच सांशियन बेटावर प्रभूकडे गेले होते.

आमच्या धर्मग्रामांत अंतर इतके नाही. तरी चूक तीच घडते. हिशेब चोख ठेवणारा, आजाऱ्याच्या उशाशी तासन्‌तास बसणारा, तोंडावर दोष दाखविणारा, असे सारेच धर्मग्रामाला हवे असतात. पण कामे वाटताना आम्हा धर्मगुरूंना आमच्यासारखाच मनुष्य अधिक पसंत पडतो, हे आम्ही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आणि दोघांना एकच काम सोपवून ‘तुम्ही आपसात ठरवा’ असे सांगताना आम्ही औदार्य नव्हे, टाळाटाळ करीत असतो. त्याची किंमत आपल्या दाराशी आलेले लहानगे मोजतात.