वृद्धाश्रमातील हेळसांड (यवतमाळ जिल्हा)

आश्रमात राहणाऱ्या वृद्धाला अन्न, पाणी, औषध, स्वच्छता किंवा हालचालीला लागणारी मदत वेळेवर न मिळणे म्हणजे हेळसांड. मारहाण किंवा शिवीगाळ हा छळ असून त्याची निदान तक्रार तरी होते. हेळसांड बहुधा वृद्धाच्या अंगावरूनच ओळखावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. आर्णी तालुक्यात उमरी पठार येथे असलेला संत दोला महाराज वृद्धाश्रम जिल्ह्यात परिचित आहे. कर्ता मुलगा कर्जापायी गेलेला किंवा पुण्या-नागपूरकडे कामाला लागलेला, अशी घरे कापसाच्या या पट्ट्यात बरीच आहेत. अशा घरातून आलेल्या वृद्धाची आश्रमात विचारपूस करायला सहसा कोणी फिरकत नाही. हेळसांडीचा धोकाही अशांनाच सर्वाधिक.

पहिली खूण पाण्याची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 43-44 अंशांवर जातो. तांब्या भरलेला असतो, पण खिडकीत ठेवलेला. खाटेवरून हात पोचत नाही. जीभ कोरडी, लघवी गडद व कमी, आणि कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, तर ते म्हातारपण समजू नये. उतारवयात त्वचा तशीही सैल असते, त्यामुळे चिमटा घेऊन पाहण्याची घरगुती परीक्षा फसवी ठरते.

दुसरी खूण शय्याव्रणाची. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबे आणि टाचा पाहाव्यात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात लावून ऊब किंवा कडकपणा जाणवतो का ते पाहावे. प्रत्येक व्रण हेळसांडीचाच असतो असे मात्र नाही. अखेरच्या दिवसांत चांगल्या शुश्रूषेतही कातडी फुटते. जखमेची नोंद केली का, डॉक्टरांना दाखवली का, हा खरा प्रश्न. महिनाभरात वजन पाच टक्क्यांनी घटणे, दिवसाढवळ्या गुंगीत असणे, कवळी किंवा चष्मा हरवूनही कोणी न शोधणे, श्रावणबाळ योजनेचे पासबुक दुसऱ्याच्या ताब्यात असणे, हेही संशयाला पुरेसे. भेटीला न कळवता जावे, शक्यतो जेवणाच्या वेळी.

वृद्ध गुंगीत असेल, ताप असेल किंवा लघवी थांबली असेल, तर तक्रारीआधी 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. त्यानंतर तारीखवार टिपण, संमतीने छायाचित्र आणि औषधांच्या नोंदीची मागणी. व्यवस्थापकाला लेखी कळवून फरक पडला नाही तर समाज कल्याण सहायक आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे जावे. 2010 च्या राज्य नियमांनुसार वृद्धाश्रमांवरील देखरेख जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन. संस्था विश्वस्त न्यास असल्यास धर्मादाय आयुक्तांकडेही दाद मागता येते, पण त्या कार्यालयाचे लक्ष मुख्यतः हिशेब व कारभारावर. कूस कधी बदलली हे तिथल्या कागदांत येत नाही.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम मुख्यतः मुलांना धरतो. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणातून दरमहा कमाल 10,000 रुपये निर्वाहभत्ता मिळू शकतो. पण ‘अपत्य’ या व्याख्येत सून नाही. मुलगा वारलेल्या आईला तिथे नातवंड सज्ञान असेल किंवा दुसरा मुलगा वा मुलगी असेल तर वाट आहे. कलम 24 नुसार सांभाळाची जबाबदारी असताना वृद्धाला टाकून देणे हा तीन महिने कैद किंवा 5,000 रुपये दंडाचा, किंवा दोन्ही शिक्षांचा गुन्हा आहे. टाकून न देता नुसते दुर्लक्ष करणाऱ्या आश्रमाला ते लागू करणे अवघड. त्याला जवळचे कलम भारतीय न्याय संहितेत आहे, 357 वे: असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न केल्यास तीच शिक्षा. जुन्या दंड संहितेत याचा दंड अवघा 200 रुपये होता. हे कलम वापरायचे तर करार हवा; म्हणून प्रवेशाच्या वेळी कोणती सेवा मिळणार हे लिहून घ्यावे.

वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी, किमान दर्जा आणि सुनेचा व्याख्येत समावेश या तरतुदी असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होता 2024 मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.